यस आणि येस

माणसाचं नाव त्याचं पुढचं आयुष्य ठरवतं, यावर यादव आबांची अढळ श्रद्धा होती. या श्रद्धेपोटीच त्यांनी थोरल्या मुलाचं नाव युवराज ठेवलं, आणि युवराज निवृत्तीला टेकले तरी जळगावातल्या एका अनुदानित शाळेत सहायक शिक्षकच होते. राज्य दूर राहिलं, पर्यवेक्षकपदसुद्धा दोनदा हुकलं. पण एका उदाहरणाने सिद्धांत मोडत नाही असं म्हणून आबांनी नातीचं नाव संघमित्रा ठेवलं. सम्राट अशोकाची लेक बोधिवृक्षाची फांदी घेऊन समुद्रापार गेली होती, आपलीही जाईल. नात गेली. फांदी नेली नाही, काळ्या मसाल्याची बरणी नेली, आणि समुद्र विमानाने ओलांडला, पण गेली. फिनलंडला, विद्यापीठाच्या अदलाबदलीच्या योजनेतून, एका वर्षासाठी. बोदवड स्टेशनच्या हद्दीत जन्मभर रूळ तपासत चाललेल्या आबांना एवढा पुरावा पुष्कळ होता.

आता वर्ष संपत आलं होतं, आणि ती परत येणार की तिकडेच राहणार यावरून घराचे दोन तुकडे पडले होते. कारण एकच शब्द होता.

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर युवराजांनी लेकीला विचारलं होतं, "मग, काय ठरलं? तुझे ते सर विचारतायत ना, अजून दोन वर्षं राहतेस का म्हणून?" शेजारी त्यांच्या सासूबाई द्रौपदाबाई बसल्या होत्या. साक्रीकडच्या खेड्यातून मोतीबिंदू काढायला त्या लेकीकडे आलेल्या, डोळ्यावर हिरवा चष्मा. त्यांनीही त्याच क्षणी मोबाईलकडे तोंड करून हाक मारली, "घर येस का वं, पोरी?" मागे कूलर घरघरत होता. मे महिन्यात जळगावात कूलर बंद करून फोनवर बोलायचं, तर बातमी मृत्यूचीच असावी लागते. पडद्यावर संघमित्राची मान हलली, "येस" एवढं ऐकू आलं, आणि नेटवर्क गेलं.

युवराज शाळेत इंग्रजी शिकवत. त्यांनी 'यस' ऐकलं. म्हणजे राहते. द्रौपदाबाई जन्मभर अहिराणी बोलत आल्या, आणि अहिराणीत 'येस' म्हणजे येते. त्यांनी तेच ऐकलं. संध्याकाळपर्यंत शाळेच्या ग्रुपवर अभिनंदनाचे अंगठे पडले होते आणि साक्रीकडे चार घरांत कुरडयांचा चीक शिजायला लागला होता.

तिला पुन्हा फोन करून विचारावं असं कोणी सुचवलं नाही. ज्याला हवं ते उत्तर मिळालेलं असतं तो दुसऱ्यांदा विचारत नाही. तिचा मेसेज यायचा, 'पेपर चालू आहेत, नंतर बोलते.' त्यावर दोन्ही पक्ष 'ऑल द बेस्ट' पाठवून गप्प बसायचे.

आणि आठवडाभरात बुद्धपौर्णिमा आली.

*

वंदना झाली, खीर अजून चुलीवर होती, आणि पंचशील घेऊन पुरता अर्धा तासही झाला नव्हता तोवर वाद सुरू झाला. मुक्ताईनगरहून युवराजांची बहीण लताबाई आली होती. धुळ्याहून युवराजांच्या बायकोचा, दीपमालाचा, भाऊ प्रशील आला होता. प्रशील धुळ्यात प्लॉटची मध्यस्थी करायचा. प्लॉट चालले नाहीत की लग्नांची.

"दाजी," प्रशील म्हणाला, "आता तुम्ही इंग्रजीचे सर, आम्ही काय बोलावं. पण पोरगी आजीशी अहिराणीच बोलते. लहानपणापासून."

"प्रश्न मी विचारला होता," युवराज म्हणाले. "मराठीत."

"मग उत्तर मराठीत आलं असतं. 'हो' म्हणाली असती."

"परदेशात राहून माणूस 'हो' म्हणत नाही. सवय जाते." युवराजांनी खुर्ची कूलरसमोर सरकवली. "आणि उच्चार बघ. तिने स्पष्ट 'यस' म्हटलं. 'य'वर जोर. मी मुलांना हेच शिकवतो."

"तुमची मुलं हजेरीला 'येस सर' म्हणतात. म्हणजे काय, सगळी साक्रीचीच का?"

द्रौपदाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. हिरव्या चष्म्यामुळे त्या कुणाकडे बघतात ते कळत नव्हतं, त्यामुळे प्रत्येकाला वाटे आपल्याकडेच.

"जवाईबुवा," त्या म्हणाल्या, "मना डोया बिघडेल व्हता. कान नही."

"मामी, तसं नाही म्हणत मी."

"ती मनासंगे बोलनी. येस म्हननी. फिनेलमा ऱ्हाई ऱ्हाईसन पोर थकी गई शे."

फिनलंडला द्रौपदाबाई पहिल्या दिवसापासून फिनेल म्हणत. सुरुवातीला घरातल्यांनी दुरुस्त केलं, मग सोडून दिलं. आता शेजारीपाजारीही विचारत, "मित्रा कधी येते फिनेलहून?"

"थकायला काय झालं?" लताबाई म्हणाली. "स्वच्छ हवा, गर्दी नाही, लाईट जात नाही. वहिनी, तुमच्या आईला सांगा, पोरीचं भलं कशात आहे ते. ती तिथे दोन वर्षं राहिली, नोकरी लागली, की मागे आपली चार पोरं जातील."

चार पोरं म्हणजे कुंदन. लताबाईचा मुलगा बी.ई. होऊन तीन वर्षं मुक्ताईनगरला मित्राच्या मोबाईलच्या दुकानात बसत होता. गिऱ्हाईक नसलं की तिथल्याच मोबाईलवर फिनलंडचे व्हिडिओ बघायचा. मामाची पोरगी एकदा तिकडे रुजली की आपल्याला ओढून घेईल, हे त्याने आईला नीट समजावलं होतं.

"आबा, तुम्ही बोला," युवराज म्हणाले.

यादव आबा खाटेवर पडून छताकडे पाहत होते. ते उठून बसले. "मी काय बोलू? नाव ठेवलं तेव्हाच बोललो. ती समुद्रापार जाईन, धम्माचं नाव करीन. गेली. आता आणखी दोन वर्षं राह्यली तर काय बिघडलं? सम्राटाच्या पोरीनं काय एका वर्षात काम उरकलं व्हतं?"

"आबा," प्रशील म्हणाला, "सम्राटाची पोरगी परत आलीच नाही."

आबा प्रशीलकडे वळले.

"म्हंजे?"

"लंकेतच वारली ती. म्हातारी होऊन. तुम्हीच गोष्ट सांगायचे, पण फांदी लावली की थांबायचे. पुढचं मी वाचलं."

आबांनी धोतराचा सोगा सारखा केला. इतकी वर्षं ही गोष्ट सांगताना ते लंकेच्या किनाऱ्यावर खरंच थांबत आले होते. पुढे काय झालं असेल हा विचार त्यांच्या मनात आला नव्हता. ते परत आडवे झाले, पण डोळे मिटले नाहीत.

*

स्वयंपाकघरात दीपमाला खीर ढवळत होती. ती सरकारी दवाखान्यात परिचारिका. रात्रपाळी करून सकाळी आली होती आणि झोपायचं राहून गेलं होतं. बाहेरचं सगळं तिला ऐकू येत होतं. तिला कोणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर काय सांगायचं हे तिचं ठरत नव्हतं.

लेक यावी असं तिला वाटत होतं. पण ते वाटणं उघड बोलायचं नाही असंही तिने ठरवलं होतं, कारण या घरात एकदा असं उघड बोललं गेलं होतं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मस्कतच्या दवाखान्यात तिची निवड झाली होती. आबा तेव्हा म्हणाले होते, सून समुद्रापार गेली तर घर कोण पाहीन? नावाचा सिद्धांत तेव्हाही होता. पण तिचं नाव दीपमाला होतं, आणि दीपमाळ जागची हलत नसते. युवराज काही बोलले नव्हते. ना मराठीत, ना इंग्रजीत. मस्कतचा विषय त्यानंतर या घरात निघाला नाही.

म्हणून तिचं एवढंच म्हणणं होतं, की यावेळी जिला जायचं-यायचं आहे तिला कोणीतरी विचारावं. राहते म्हणाली तर सगळ्यांशी भांडायला ती तयार होती. पंचवीस वर्षांची तयारी होती.

लताबाई आत आली. "वहिनी, वेलची घातली का?" मग आवाज खाली करून, "प्रशील काहीतरी स्थळाचं बोलत होता. काय ते?"

दीपमालाने खोटं बोलायचा कंटाळा केला. "धुळ्याचं आहे. मुलगा वीज कंपनीत इंजिनिअर. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मित्राला बघायला येणार, असं प्रशील म्हणाला."

"जूनमध्ये? म्हणजे प्रशीलने ठरवूनच टाकलं, ती येते म्हणून?"

"येते हे आमच्या आईने ठरवलं. याने पुढचं ठरवलं."

लताबाई दाराच्या चौकटीला टेकली. तिच्या डोक्यात काहीतरी हळूहळू फिरत असल्याचं दीपमालाला दिसलं. खानदेशात मामाच्या मुलीवर आत्याच्या मुलाचा पहिला हक्क असतो, हे आजवर कोणी बोलून दाखवलं नव्हतं, कारण कुंदनला कोणी मुलगी देईल असं लताबाईलाही वाटलं नव्हतं. पण बाहेरचं स्थळ येतंय म्हटल्यावर घरातलं आठवतं.

"वहिनी, एक सांगू? पोरगी दमलेली दिसते हो. फोटोत बघते ना मी. घरी यावं तिने." आणि बाहेर जाऊन लताबाई भावाला म्हणाली, "दादा, मामी बरोबर म्हणतात. 'येस' म्हणजे येतेच असणार."

युवराजांनी चष्मा काढला. "अगं, आत्ता तर तू..."

"आत्ता मी नीट विचार केला नव्हता. आपला कुंदन काय परका आहे का? घरातली पोरगी घरात राहील."

प्रशील ताडकन उभा राहिला. धुळ्याच्या लोकांना त्याने शब्द दिला होता, आणि पोरगी आत्ता आली तर मध्ये कुंदन होता. त्यांच्याकडे जून गाठायची घाई होती, पण दोन वर्षांनी फिनलंडची पदवी घेऊन येणारी मुलगी त्यांना जास्तच आवडली असती. सौदा पुढे ढकलायचा, मोडायचा नाही, हे प्लॉटच्या धंद्याने त्याला शिकवलं होतं.

"दाजी," तो म्हणाला, "मी पुन्हा विचार केला. 'य'वर जोर होता खरा. 'यस'च असणार. राहू द्या पोरीला दोन वर्षं."

"परसील," द्रौपदाबाई म्हणाल्या, "तू मना पोटना शे ना?"

युवराजांना मेहुणा मिळाला आणि बहीण गेली. हिशेब तेवढाच राहिला. तेवढ्यात खाटेवरून आबा बोलले.

"मले सांगा, ती राहून राह्यली की येऊन राह्यली?"

"तेच तर चाललंय, आबा."

"येऊ द्या तिले. नाव मीच ठेवलं, मीच म्हणून राह्यलो. फांदी लावून झाली असन तर येऊ द्या."

आणि मोबाईल वाजला.

*

युवराजांनी स्वतः उठून कूलर बंद केला. मार्चनंतर पहिल्यांदा त्या खोलीत नुसतं माणसाचं ऐकू येऊ लागलं. सगळे मोबाईलभोवती दाटीने बसले आणि लगेच घामाने निथळायला लागले.

"जय भीम," पडद्यावर संघमित्रा म्हणाली. तिने केस कापले होते. डोळ्यांखाली काळं होतं, आणि मागच्या खिडकीत जळगावच्या दुपारसारखाच पिवळा उजेड दिसत होता. "सगळे एकदम का जमलात? कोणाला काही झालं का?"

"पौर्णिमा आहे ना आज, बेटा."

"अगं बाई. विसरलेच. इथे आता अंधारच नीट पडत नाही, चंद्र कुठला दिसायला. मंगलमैत्री सगळ्यांना."

"मित्रा," युवराजांनी घसा साफ केला. तासाला सुरुवात करताना करत तसा. "मागच्या रविवारी तू एक उत्तर दिलंस. ते नेमकं इंग्रजीत होतं की अहिराणीत?"

"कोणतं उत्तर?"

"येस!" द्रौपदाबाई म्हणाल्या.

"यस," युवराज म्हणाले.

संघमित्रा बराच वेळ आठवत राहिली. "रविवारी मी तळघरात होते. कपडे धुवायला. तुमचं काही ऐकू येत नव्हतं, नुसता कूलर. एक मुलगी आली, म्हणाली हे मशीन तुझं संपलं का. मी म्हटलं येस. मग कपडे काढायला आत गेले, तिथे रेंज नसते."

सगळे मोबाईलवर आणखी वाकले. प्रशीलच्या कपाळावरून घामाचा थेंब मोबाईलच्या काचेवर पडला, नेमका तिच्या कपाळावर. लताबाईने पदराने तो पुसला आणि बोट लागून आवाज बंद झाला. तो पुन्हा चालू करीपर्यंत सगळे एकदम बोलायला लागले होते. राहते का, येते का, कुंदन, धुळे, पदवी, फांदी. दीपमाला खिरीचा हात पदराला पुसत आली, तिने मोबाईल उचलला आणि ती स्वयंपाकघरात गेली.

"आई, ते भांडतायत का?"

"भांडू दे. जेवलीस?"

"दहीभात."

"फोडणी घातलीस?"

"फोडणी आता नाहीच. ऑक्टोबरपासून." ऑक्टोबरमध्ये तिने शेवभाजीला लसणाची फोडणी दिली तेव्हा वसतिगृहाचा धुराचा भोंगा वाजून चार मजले रिकामे झाले होते आणि ऐंशी मुलं पायजम्यात बर्फावर उभी राहिली होती. कोणी तिला रागावलं नव्हतं. "रागावले असते तर बरं झालं असतं," असं ती तेव्हा म्हणाली होती.

"हे बघ," दीपमाला म्हणाली, "मला कोणी विचारलं नव्हतं, म्हणून मी तुला विचारते. राहायचंय? राहायचं असेल तर राहा. बाहेरच्यांचं मी बघते."

"आई, सरांना मी मार्चमध्येच नाही सांगितलं."

"मार्चमध्ये?" दीपमाला गॅसच्या ओट्याला टेकली. "मग पप्पांना का नाही सांगितलंस?"

"सरांनी विचारलंय हेच ते आधी शाळेत सांगून बसले होते."

"आजीसाठी येत असशील तर नको येऊस. माझ्यासाठी तर नकोच."

"कोणासाठी नाही गं. इथे वाईट काही नाही. आडनाव सांगितलं तर लोक स्पेलिंग विचारतात, त्याच्यापुढे काही विचारत नाहीत. पहिले तीन महिने इतकं हलकं वाटलं, तुला काय सांगू. मग लक्षात आलं, ते कोणालाच काही विचारत नाहीत. बसस्टॉपवर एक बाई रोज माझ्याबरोबर उभी असते, सप्टेंबरपासून. आम्ही अजून बोललो नाही." तिने कापलेले केस कानामागे सारले. "आणि बोलायचं म्हटलं तर आधी वाक्य डोक्यात जुळवायचं, तपासायचं, मग बोलायचं. तोवर विषय बदलतो. अभ्यासाने नाही दमले, आई. वाक्यांनी दमले."

दीपमालाला हलकं वाटायला हवं होतं. पण ती ज्या भांडणासाठी इतकी वर्षं तयार होती ते झालंच नाही, आणि पदर खोचून उभं राहिलेल्या माणसाला पदर सोडताना जरा ओशाळं वाटतं. मस्कतला यावेळीही कोणी गेलं नाही, असं काहीतरी मनात येऊन गेलं. तिने गॅस बंद केला.

"मग ये," ती म्हणाली.

"आल्यावर मी झोपणार आहे. सत्कार नको."

"सत्कार होणार. पप्पांच्या शाळेत."

"किती वेळ?"

"अध्यक्ष कोण त्याच्यावर आहे."

दोघी हसल्या, पण थोडंच. दोघींनाही झोप आली होती.

*

दीपमालाने बाहेर येऊन मोबाईल आईच्या हातात दिला. द्रौपदाबाईंनी तो हिरव्या चष्म्याच्या अगदी जवळ धरला.

"बठ्ठा जन चूप बसा," त्या म्हणाल्या. मग पडद्याकडे, "येस ना वं, पोरी?"

"येस, आजी."

द्रौपदाबाईंनी मोबाईल खाली ठेवला आणि भिंतीला टेकल्या. त्यांच्यापुरतं संपलं होतं. आबांनी खाटेवर कूस बदलली. लताबाई आणि प्रशील यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघंही आता नेमके कोणत्या बाजूला आहेत हे आठवायचा प्रयत्न केला.

"मित्रा," युवराज वाकून म्हणाले, "हे कोणतं?"

"पप्पा, बारा जूनचं तिकीट आहे ना माझं. तुम्हीच काढलेलं." आणि फोन बंद झाला, नेटवर्कने नाही, तिनेच केला.

प्रशीलने उठून कूलर लावला. दीपमाला वाट्यांमध्ये खीर वाढू लागली. युवराज चष्मा लावून मोबाईलमधले जुने मेल खाली खाली सरकवत राहिले. खिरीवर साय धरली तेव्हा त्यांना ते सापडलं. तिकीट मागच्या वर्षीच्या जुलैत काढलेलं, जाण्यायेण्याचं होतं. नुसतं जाण्याचं महाग पडत होतं.